बीए इंग्लिश केलेल्यांनो, पुढे काय केलंत? खरं खरं लिहा

तृणपाते
नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचत असते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. माझं एफवायबीए झालं. गाव श्रीगोंदा तालुक्यात, कॉलेज तालुक्याला, पुणे विद्यापीठ. पहिल्या वर्षी इंग्लिश, इकॉनॉमिक्स आणि भूगोल असे तीन विषय होते, आता एसवायला त्यातला एक मेजर, म्हणजे मुख्य विषय, म्हणून निवडायचाय. मला इंग्लिश घ्यायचंय. बारावीपर्यंत मराठी मीडियम, तरी सगळ्यात जीव रमला तो इंग्लिशच्याच तासाला. सर कवितेची एक ओळ फळ्यावर लिहायचे आणि तिच्यावरच बोलत राहायचे, वर्गात आवाज नसायचा.

घरी सगळे म्हणतात भूगोल घे, एमपीएससीला कामाला येतो. मामा म्हणतो इंग्लिश घेऊन करणार काय, मास्तरांची भरती होत नाही आणि भाषांतर तर आता मोबाईलच करतो. सल्ले द्याच, पण त्याआधी मला हे ऐकायचंय की ज्यांनी खरंच बीए किंवा एमए इंग्लिश केलं ते पुढे कुठे गेले. पहिली नोकरी कुठली, पगार साधारण काय, आता काय करता. चांगलं वाईट दोन्ही लिहा, बाबांना वाचून दाखवणार आहे.

पिंपळपार
बीए इंग्लिश, आता राष्ट्रीयीकृत बँकेत. बँक भरतीच्या आयबीपीएस परीक्षेत प्रत्येक सेक्शनचा वेगळा कटऑफ असतो, एकात पडलात की बाकीचे मार्क वाया. माझ्याबरोबरची पोरं गणितात माझ्या खूप पुढे होती पण इंग्लिशच्या सेक्शनला अडायची. मी तिथे तरलो. आणि कर्जाची फाईल शेवटच्या पानापर्यंत न कंटाळता वाचायची सवय ही त्या तीन वर्षांतली आहे, असं मी मानतो.

माळरान
तृणपाते, मामांचं म्हणणं उडवून लावू नकोस, कारण ते ज्या रस्त्याबद्दल बोलतायत त्या रस्त्यावर मी उभा आहे. एमए इंग्लिश, प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षांपैकी आधी सेट झालं, नंतर नेट झालं, आणि आजही सीनियर कॉलेजवर सीएचबी. म्हणजे तासिका तत्त्वावर. जेवढे तास घेतले तेवढ्याचे पैसे, दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत काही नाही, आणि बिल निघतं तेसुद्धा कित्येक महिन्यांनी एकदम. त्याच स्टाफरूममध्ये शेजारच्या खुर्चीवर कायम असिस्टंट प्रोफेसर बसतात, त्यांचं सुरुवातीचं बेसिक ५७,७००. पेपर तेच तपासतो, वर्ग तेच घेतो. पोरं दोघांनाही सरच म्हणतात.

जागा निघतात तेव्हा काय चालतं ते या क्षेत्रातल्या सगळ्यांना माहीत आहे. कुठल्या संस्थेत कोणी काय मागितलं हे मी इथे लिहिणार नाही. एवढंच सांगतो की जो आकडा माझ्यासमोर बोलला गेला तो वडिलांची सगळी जमीन विकूनही भरला नसता.

हे लिहितोय ते तुला घाबरवायला नाही. एस-३ (स्पेशलचा तिसरा पेपर) ला कादंबरी शिकवायला उभा राहिलो की त्या तासाभरात मला दुसरं काही सुचत नाही, इतकं ते काम मला आवडतं. पण आवड आहे म्हणून कोणी वर्षानुवर्षं अर्ध्या पैशात राबवून घ्यावं हे बरोबर नाही, आणि आम्हीही ते गप्प बसून सहन करायला नको होतं. तू नेट-सेट जरूर दे. नेटमधून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, मिळाली तर महिना ३७,००० मिळतात आणि दोन वर्षांनी तिची एसआरएफ (सीनियर फेलोशिप) झाली की ४२,०००, सगळी मिळून पाच वर्षं. त्या पैशावर पीएचडी नीट होते. मात्र जेआरएफला ओपनसाठी वयाची अट ३० आहे. लवकर दे, आणि प्राध्यापकीच्या एकाच दोरीला लटकू नकोस.

हेमाडपंती
पण आता पीएचडी सक्तीची झालीय ना?

माळरान
नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीत विद्यापीठाच्या विभागांमधल्या जागांसाठी ती सक्तीची करायची होती. मग मुदत पुढे गेली आणि जुलै २०२३ मध्ये यूजीसीने ती अटच काढली. आता असिस्टंट प्रोफेसरला नेट किंवा सेट ही किमान पात्रता. प्रत्यक्ष मुलाखतीत पीएचडीवाल्याला झुकतं माप मिळतं, ते वेगळं.

काजवा
तृणपाते, मी सोलापूरची, बीए-एमए इंग्लिश, आता पुण्यात हिंजवडीला टेक्निकल रायटर. आमच्या वर्गातल्या कुणालाच हे नाव माहीत नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कंपनी एखादं सॉफ्टवेअर बनवते. ते बसवायचं कसं, चालवायचं कसं, एरर आला तर काय करायचं, हे कुणीतरी लिहावं लागतं. ते काम माझं. डेव्हलपरला विचारायला गेलं की तो अर्धंच सांगतो, कारण त्याला बाकीचं इतकं पाठ असतं की ते सांगायची गरज आहे हेच त्याच्या लक्षात येत नाही. मग ते सॉफ्टवेअर आपण स्वतः पहिल्यापासून चालवून बघायचं, कुठे अडतं ते लिहून काढायचं, पुन्हा जाऊन विचारायचं, आणि जो माणूस ते आयुष्यात पहिल्यांदा उघडणार आहे त्याला कळेल अशा साध्या इंग्लिशमध्ये मांडायचं. एका पायरीत एकच क्रिया. अलंकारिक काही चालत नाही. पूर्वी फ्रेममेकर, रोबोहेल्प, मॅडकॅप फ्लेअर ही टूल्स यायला लागायची, आता बऱ्याच ठिकाणी मार्कडाऊन आणि गिट. हे सगळं शिकता येतं, त्याला इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही. पण भीती सोडावी लागते.

माझी सुरुवात मात्र इथे झाली नाही. आधी एका ई-पब्लिशिंग कंपनीत कॉपीएडिटर होते, परदेशी जर्नल्सचे लेख तपासायचे, पगार अगदी बेताचा. दिवसभर स्वल्पविराम, संदर्भसूची, आकृत्यांचे नंबर. त्या कामानेच माझं इंग्लिश घडलं, कॉलेजने नाही. आज माझा पगार माझ्या इंजिनिअर भावाच्या जवळपास आहे. तो माझ्यापेक्षा जास्त आनंदाने हे सगळ्यांना सांगतो.

डोंगरवाट
काजवाताई, "कॉलेजने नाही" हे जरा उलगडून सांगा ना.

काजवा
सांगते. आमच्याकडे नाटक, कविता, कादंबरी सगळं मराठीतून समजावून सांगायचे आणि परीक्षेला नोट्स पाठ. मूळ पुस्तक अख्खं वाचलेली वर्गात आम्ही चार-पाच जणी असू. पेपरात लिहायचं ते गाईडमधलं. तीन वर्षांत स्वतःच्या मनाने, स्वतःच्या वाक्यात एक पानभर इंग्लिश लिहायची वेळ कोणी आणली नाही. सर मंडळी वाईट नव्हती. वर्गात नव्वद पोरं, त्यांना तरी दोष कसा देणार. पण त्याचा परिणाम असा की फर्स्ट क्लासमध्ये पास झालेली मुलं मुलाखतीला साधा ईमेल लिहायला सांगितला की थांबायची.

शाईपेन
हे शंभर टक्के. मी मराठवाड्यात शिकलो, आमच्याकडे तर मूळ पुस्तक मागितलं की दुकानदार विचारायचा "कशाला, गाईड आहे ना".

माळरान
वर्गात शिकवणारा म्हणून सांगतो, मराठीतून समजावणं हा दोष नाही. पहिल्या पिढीतलं पोरगं समोर असतं, त्याला आधी गोष्ट कळली पाहिजे. खरी अडचण त्याच्या पुढची आहे. गोष्ट कळल्यावर त्याला मूळ पानाकडे परत न्यायला वेळच उरत नाही, कारण सेमिस्टर संपलेलं असतं.

स्टॅम्पपेपर
मी मामांच्या मोबाईलबद्दल लिहितो, कारण भाषांतर हेच माझं पोट आहे. एमए इंग्लिश, छत्रपती संभाजीनगरला असतो, कोर्टाच्या कागदांची भाषांतरं करतो. खालच्या कोर्टांचं बरंचसं कामकाज मराठीत चालतं. जबाब, पंचनामे, फिर्यादी, सातबारा, फेरफार, खरेदीखतं, वाटणीपत्रं. प्रकरण अपिलात हायकोर्टात गेलं की ते सगळं इंग्लिशमध्ये लागतं, सुप्रीम कोर्टात तर लागतंच. पानाच्या हिशोबाने पैसे मिळतात आणि तारीख जवळ आली की वकील रात्रीसुद्धा फोन करतात.

मोबाईल भाषांतर करतो का? करतो. मीही पहिला हात मारायला मशीन वापरतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण साक्षीदार गावच्या बोलीत बोललेला असतो, पोलिसाने ते त्याच्या पद्धतीने उतरवलेलं असतं, वाक्य पाच ओळी चाललेलं असतं आणि त्यात कोणी कोणाला मारलं हेच मशीन फिरवून टाकतं. हे मी प्रत्यक्ष पाहिलंय. आरोपी आणि फिर्यादी उलटे झाले तर काय होईल विचार करा. एखाद्याच्या जामिनाचा प्रश्न असतो. त्या कागदाखाली सही मी करतो, मोबाईल करत नाही. म्हणून मूळ कागद समोर ठेवून ओळ न ओळ ताडून बघतो.

या कामाला नुसतं इंग्लिश असून चालत नाही. जमिनीची भाषा कळली पाहिजे, जिरायत बागायत, पोटखराबा, बांध, वहिवाट. तृणपाते, तू शेतकऱ्याच्या घरातली असशील तर यातलं अर्धं तुला आत्ताच येतंय, शहरातल्या कॉन्व्हेंटच्या पोरांना ते शिकायला वर्षं जातात. हायकोर्टात ट्रान्सलेटरच्या जागाही निघतात, जाहिरातीवर लक्ष ठेवायचं.

काजवा
स्टॅम्पपेपर, आमच्याकडेही हेच. पहिला मसुदा आता एआय काढतं आणि तो वाचायला इतका छान असतो की त्यातच धोका. प्रॉडक्टमध्ये नसलेलं बटणसुद्धा ते ठामपणे लिहून मोकळं होतं. तपासणाऱ्याचं काम वाढलंय. पण दुसरी बाजूही सांगायला हवी, आमच्या टीममध्ये पूर्वी दरवर्षी फ्रेशर घ्यायचे, आता क्वचित घेतात. साधं सोपं काम, जे करत करत आम्ही शिकलो, तेच मशीनकडे गेलंय. नवीन मुलांनी शिकायचं कुठे, याचं उत्तर अजून आमच्याकडे कोणी दिलेलं नाही आणि मला त्याची काळजी वाटते.

बोरीबाभळी
एवढं कशाला, बँकेत राजभाषा अधिकारी व्हा ना. एमए इंग्लिशवाल्यांना सोपं.

हिरवाचुडा
बोरीबाभळी, ते तसं नाहीये. आयबीपीएसच्या राजभाषा अधिकारी पदाला एमए हिंदी लागतं आणि पदवीला इंग्लिश विषय असावा लागतो, किंवा एमए संस्कृत असेल तर पदवीला इंग्लिश आणि हिंदी दोन्ही. एमए इंग्लिश तिथे चालत नाही. चालतं ते स्टाफ सिलेक्शनच्या कनिष्ठ अनुवादक परीक्षेला. मी त्यातूनच केंद्र सरकारच्या ऑफिसात आले. एमए इंग्लिश, पण पदवीला हिंदी विषय म्हणून असला पाहिजे. पहिला पेपर ऑब्जेक्टिव्ह, दुसऱ्यात भाषांतर आणि निबंध हाताने लिहायचे. पगाराची लेव्हल ६, बेसिक ३५,४००. वयाची वरची मर्यादा ३०, आरक्षणाप्रमाणे सूट. आपली मराठी मुलं या परीक्षेला फार कमी बसतात, हिंदीची भीती वाटते म्हणून. खरं तर आपल्याला दहावीपर्यंत हिंदी असते, थोडा सराव केला तर जमतं.

बोरीबाभळी
बरं झालं सांगितलंत, पुतणीला हाच सल्ला देणार होतो.

रातपाळी
माझी पहिली नोकरी पुण्यात मगरपट्ट्यात, व्हॉइस प्रोसेस, म्हणजे कॉल सेंटर. बीए इंग्लिशचा निकाल लागायच्या आत रुजू झालो. रात्री कॅब न्यायला यायची, पहाटे सोडायची, आई उठायची तेव्हा मी झोपायचो. लोक या कामाला नावं ठेवतात, मी नाही ठेवणार. घरातलं कर्ज त्यातून फिटलं. आणि फोनवर चिडलेल्या माणसाशी त्याच्या भाषेत शांतपणे बोलता येणं ही मोठी गोष्ट आहे. मी नंतर क्वालिटीला गेलो, मग ट्रेनर झालो, आता नवीन बॅचला बोलायला शिकवतो. तब्येतीचे हाल होतात एवढं मात्र खरं, त्यामुळे आत जायचं तर दोन-तीन वर्षांत बाहेर पडायचा रस्ता डोक्यात ठेवूनच.

शेवंती
मी जिल्हा परिषद शाळेत, सहावी ते आठवी. मास्तरांची भरतीच होत नाही हे पूर्ण खरं नाही, पण ती वेळेवर होत नाही हे मात्र शंभर वेळा खरं.

रस्ता असा. बीए नंतर बीएड, ते आता दोन वर्षांचं आहे, सीईटी द्यावी लागते. इंग्लिश मीडियमच्या बीएड कॉलेजला जायचं तर ईएलसीटी म्हणून इंग्लिशची वेगळी परीक्षा असते, तीही दे. मग टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, तिचा पेपर दोन. मग टेट, ही भरतीसाठीची वेगळी अभियोग्यता चाचणी, २०० प्रश्न आणि दोन तास. त्यानंतर सरकारच्या शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर शाळांचे प्राधान्यक्रम भरायचे आणि वाट बघायची. २०१७ ला टेट झाली त्यानंतरची पुढची थेट २०२३ च्या फेब्रुवारीत. मधल्या काळात किती जणांची वयं गेली असतील. लागल्यावरही पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक, मानधन १६,०००. ते २०२३ ला वाढलं, त्याआधी ६,००० होतं, एवढ्यात घर कसं चालायचं ते ज्यांनी काढलं त्यांनाच माहीत. आणखी एक लक्षात ठेव, बीएडवाल्यांना पहिली ते पाचवीला घेता येत नाही, ऑगस्ट २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते स्पष्ट केलंय. त्यासाठी डीएड लागतं.

आता मला जे मनापासून सांगायचंय ते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी पाचवीपासून होतं. म्हणजे शाळेत आज जे सीनियर शिक्षक आहेत त्यांनी स्वतः एबीसीडी पाचवीत गिरवली, आणि त्यांना सहा वर्षांच्या पोरांना इंग्लिश बोलायला शिकवायला सांगितलं. त्यांनी जमेल तसं केलं, मी त्यांना मानते. पण इंग्लिश विषय घेऊन पदवी केलेलं माणूस खेड्यातल्या शाळेत अजून सहज सापडत नाही. आमच्या केंद्रात, म्हणजे आजूबाजूच्या शाळांच्या गटात, मी एकटी. माझ्या वर्गातली ऊसतोड कामगारांची मुलं दिवाळीनंतर निघून जातात, उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात. त्यातली एक मुलगी फडावरून आईच्या फोनवर मला इंग्लिशमध्ये व्हॉइस मेसेज पाठवायची, दिवसभरात काय पाहिलं ते. चुका असायच्या, पण बोलायची न घाबरता. सातवीतली मुलगी. ज्यांना इंग्लिश येतं त्यांनी या शाळांमध्ये यावं असं मला फार वाटतं, आणि सरकारने त्यांना यायला इतकी वर्षं लावू नयेत.

डोंगरवाट
शेवंतीताई, हा प्रतिसाद वाचून काय लिहावं कळत नाही. त्या मुलीला आशीर्वाद.

जुनाखोड
सगळं वाचतोय. एक शंका आहे, इंग्लिश घेतलं की मुलं मराठीपासून तुटतात. वाचन सगळं इंग्लिश, बोलणं इंग्लिश. याचा विचार कोणी करतं का?

माळरान
जुनाखोड काका, उलटं आहे. विंदा करंदीकर कित्येक वर्षं इंग्रजीचे प्राध्यापक होते, नेमाडे इंग्रजी शिकवत आले, दोघांनाही ज्ञानपीठ मिळालं ते मराठीतल्या लेखनासाठी, २००३ चं आणि २०१४ चं. मर्ढेकरही आकाशवाणीत जायच्या आधी इंग्रजीच शिकवायचे. दुसऱ्या भाषेतली कविता बारकाईने वाचणारा आपल्या भाषेकडेही तसंच बघायला लागतो.

जुनाखोड
ती पिढी वेगळी होती. त्यांचं मराठी आधीच पक्कं होतं. आता दोन्ही कच्चं राहतं, माझ्या नातवंडांकडे बघून सांगतोय.

स्टॅम्पपेपर
काकांच्या म्हणण्यात दम आहे. माझ्याकडे शिकायला येणारी मुलं इंग्लिशमुळे कमी आणि मराठी कागद वाचता येत नाही म्हणून जास्त अडतात. हस्तलिखित जुना फेरफार समोर ठेवला की संपलं.

केळफूल
विषय कुठल्या कुठे चाललाय :) पण छान चाललाय, चालू द्या.
मी सांगलीची. लग्नाआधी एमए इंग्लिश झालं, लग्नानंतर सासरी नोकरीचा विषय काढणं अवघड होतं. मग घराच्या पुढच्या खोलीत आठवी-नववी-दहावीचे इंग्लिशचे क्लास सुरू केले. सुरुवातीला शेजारच्या दोन मुली, मग त्यांच्या मैत्रिणी. आता सकाळी मुलं असतात आणि दुपारी बायका येतात, स्पोकन इंग्लिशला. त्यांना बँकेत, दवाखान्यात, मुलांच्या शाळेच्या मीटिंगमध्ये बोलायचं असतं. एक जण साठीच्या पुढची आहे, नातू कॅनडात, त्याच्याशी बोलायचंय. मागच्या वर्षी घराचा वरचा मजला माझ्या क्लासच्या पैशातून झाला. कोणाच्या हाताखाली काम न करता आपल्या नावावर उभं राहता येतं हे या पदवीत आहे, ते कोणी करिअरच्या यादीत लिहीत नाही.

पिंपळपार
केळफूलताई, जबरदस्त. वरच्या मजल्याचा फोटो टाका.

केळफूल
रंग व्हायचाय अजून!

मुक्काम_शारजा
मी सीबीएसई शाळेत इंग्लिश शिकवते, इकडे आखातात. तीन गोष्टी. बीएड नसेल तर चांगल्या शाळा दारात उभं करत नाहीत. भारतातल्या शाळेचा दोन-तीन वर्षांचा अनुभव मागतात. आणि डिग्रीचं अटेस्टेशन, आधी राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, मग एम्बसी, याला वेळ आणि पैसे दोन्ही लागतात, ते आधीच करून ठेवा. एजंटला पासपोर्ट देऊन बसू नका. आमच्या भागातल्या एका मुलीचे फार हाल झाले.

काळाकोट
लॉ राहिलंच. बीए नंतर तीन वर्षांची एलएलबी, सीईटी सेलची परीक्षा, पदवी कुठल्याही विषयाची चालते, ओपनला ४५ टक्के. कायदा शिकवता येतो. लांबलचक निकालपत्र वाचून त्यातला नेमका मुद्दा उचलणं शिकवणं अवघड असतं. इंग्लिशची मुलं त्यात चांगली असतात, आमच्या ऑफिसात दोन ज्युनियर तशीच आहेत.

तृणपाते
बापरे, एवढे प्रतिसाद. काल रात्री बाबांना सगळं वाचून दाखवलं. शेवंतीताईंचं ऐकताना ते काही बोलले नाहीत, स्टॅम्पपेपरांचं ऐकून मात्र म्हणाले हा माणूस बरोबर बोलतोय, आपल्याच बांधाच्या केसचे कागद बघ म्हणावं. मग त्यांनी सरळ विचारलं की पदवी झाल्याबरोबर हातात काय पडेल. याला मी काय सांगू? आणि एमपीएससीचं काय? ते त्यांच्या डोक्यातून जात नाहीये.

माळरान
बाबांना खरं सांग, नुसत्या बीएवर लगेच फार काही हातात पडत नाही. पण ते भूगोलाच्या बीएलाही लागू आहे. वर सगळ्यांनी काय लिहिलंय ते परत बघ, प्रत्येकाने इंग्लिशला काहीतरी जोडलंय. बीएड, कायदा, सॉफ्टवेअर, जमिनीचे कागद, हिंदी. ते जोडायचं काय हे एसवायलाच ठरवायला लाग.

एमपीएससी राज्यसेवेला पदवी कुठल्याही विषयाची चालते, इंग्लिश घेतलंस म्हणून दार बंद होत नाही. आणि २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे, आता गोळे भरून भागणार नाही, पानंच्या पानं मुद्देसूद लिहायची आहेत. ती सवय कुठल्याही भाषेच्या विद्यार्थ्याला बरी असते.

हेमाडपंती
अरे पण एक गोष्ट कोणीच बोललं नाही. एनईपीमध्ये (नवीन शैक्षणिक धोरणात) मेजरबरोबर मायनर, म्हणजे दुय्यम विषय, असतो ना? मेजर इंग्लिश आणि मायनर भूगोल घे. भांडण कशाचं आहे मग?

तृणपाते
हो!! मायनर घ्यायचा असतो, फॉर्मवर आहे तसा रकाना. मी त्याचा विचारच नव्हता केला. म्हणजे तीनपैकी उरलेल्यातला एक. पण मग कनिष्ठ अनुवादकसाठी हिंदी कुठून आणू?

हिरवाचुडा
ते कॉलेजात विचार, हिंदी तुमच्याकडे दुसऱ्या कुठल्या गटात देतात का, आणि मार्कशीटवर तो विषय म्हणून येतो का. ऐकीव माहितीवर जाऊ नकोस, जाहिरातीतलं पात्रतेचं वाक्य छापून घेऊन ऑफिसात दाखव. काही कॉलेजात शिकवायला माणूसच नसतो म्हणून पर्याय कागदावरच राहतात, त्यामुळे आधी विभागप्रमुखांना भेट.

शेवंती
आणि चौथ्या वर्षाचा विचार आत्ता करू नकोस. तीन वर्षांनी बाहेर पडून बीएडला जाता येतं, चार वर्षं केलीस तर एमए एका वर्षाचं होतं. ते टीवायला बघू.

काजवा
तृणपाते, मी तुला एक काम देते. बाकी सगळं सोड, या आठवड्यात एक पान इंग्लिश लिही. कविता नको, निबंध नको. तुला पूर्ण येतं असं घरातलं, शेतातलं एखादं काम घे आणि ज्याने ते कधीच पाहिलं नाही अशा माणसाला करता येईल असं पायरी पायरीने लिही. डिक्शनरी वापर, पण कुठून उतरवू नकोस. मला मेसेजमध्ये पाठव, मी लाल खुणा करून परत देते. ठिबकची लाईन कशी जोडायची यावर लिही हवं तर.

तृणपाते
ताई, ठिबक दादा बघतो, मला नीट सांगता नाही येणार. कांद्याची चाळ कशी बांधायची त्यावर लिहू का? गेल्या वर्षी आमची बांधली तेव्हा मी सगळा वेळ तिथेच होते. खालून हवा खेळायला पाहिजे म्हणून जमिनीपासून उंच ठेवतात, ते सगळं माहितीये.

काजवा
लिही. मापं सगळी घाल, लांबी रुंदी उंची, आणि लाकूड कुठलं, पत्रा कुठला तेही.

तृणपाते
मापं बाबांना विचारून घेते. रविवारपर्यंत पाठवते.